दक्षिणेला पडलेली सावली

दुपारी साडेबारा वाजता माझी सावली चुकीच्या बाजूला पडली, म्हणून एका पाहुण्याला घरी परतता आलं. कसं, ते सकाळपासून सांगते.

आमचं गाव आटपाडीजवळ. जूनमध्ये कोकणात धो धो पाऊस असतो, तेव्हा आमच्याकडे ढग नुसते तोंड दाखवून जातात. माझे वडील, बापू, घरोघरी सोलर पॅनल बसवतात आणि मी रविवारी त्यांच्या हाताखाली शिकते.

एकवीस जूनलाही रविवारच होता. पण त्या दिवशी बापू मला न घेताच पहाटे कामाला गेले होते. दिवस उगवायच्या थोडं आधी गच्चीवर धप्प आवाज झाला. जाऊन बघते तर पाण्याच्या टाकीएवढं यान, आणि त्यातून उतरलेला करडाएवढा निळसर प्राणी.

"नमस्कार. सदर ग्रहावरील सर्वांत मोठा दिवस उपभोगण्याकामी मी आलो आहे. सबब सहकार्य व्हावे," तो म्हणाला.

"कचेरीतून आलात का?" मी विचारलं.

नव्हता आला. त्याचं नाव इक्कू. आपली मराठी तो आकाशातून सरकारी परिपत्रकं वाचून शिकला होता! त्याच्या ग्रहाचा अक्ष (ज्या काल्पनिक दांडीभोवती ग्रह गिरकी घेतो ती) अगदी सरळ उभा. त्यामुळे तिकडे दिवस कधी वाढत नाही, घटत नाही.

"उतरताना माझी बॅटरी संपली," इक्कू म्हणाला. "सूर्य मावळेपर्यंत ती भरली नाही, तर वर थांबलेलं मोठं यान निघून जाईल. ते अकरा वर्षांनी परत येईल. माझी मुलगी लहान आहे हो. तेव्हा ती मला ओळखणार नाही." हे सांगताना तो 'सदर' आणि 'सबब' विसरला होता. मला फार वाईट वाटलं.

पण घाबरले मात्र नाही. बापूंचा नियम मला पाठ होता: सोलरचं तोंड कायम दक्षिणेकडं. मी त्याचं घडीचं पॅनल दक्षिणेकडे उतरतं लावलं आणि फुशारकीने म्हटलं, "आज तेरा तासांहून जास्त ऊन आहे. चला, दिवस उपभोगा."

आम्ही ओढ्याकाठी जांभळं खाल्ली. झाडाखाली लोळलो. गच्चीवर परत आल्यावर इक्कू स्वतःची जांभळी जीभ पुनःपुन्हा यानाच्या पत्र्यात बघत होता. साडेबाराला बॅटरी पाहिली, तर निम्मीसुद्धा भरली नव्हती. चाळीसच टक्के! या वेगाने ती मावळतीपर्यंत भरणं शक्य नव्हतं.

मी मान खाली घातली, आणि तेव्हाच माझी सावली दिसली. जेमतेम वीतभर होती आणि दक्षिणेला पडली होती. एरवी दुपारी ती उत्तरेला पडते. सावली दक्षिणेला, म्हणजे सूर्य कुठे?

"उत्तरेला!" मी ओरडले.

मी एक लिंबू आणलं, त्यात आगकाडी खोचली आणि ते जरा कललेलं धरलं. "ही आमची पृथ्वी. तिचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला आहे. जूनमध्ये वरचा, म्हणजे उत्तरेचा भाग सूर्याकडे झुकतो. त्याला ऊन जास्त वेळ मिळतं, म्हणून दिवस मोठा. आज दुपारी सूर्य कर्कवृत्ताच्या (भोपाळजवळून जाणारी काल्पनिक रेघ) बरोबर डोक्यावर असतो. आम्ही त्या रेघेच्या दक्षिणेला. मग आम्हाला तो उत्तरेला दिसणार!"

"म्हणजे पॅनल..."

"उलटं लावलंय मी. आज सूर्य उगवतो ईशान्येकडे आणि मावळतो वायव्येकडे. सकाळचा पहिला अर्धा तास तर तो पॅनलच्या पाठीमागे होता. संध्याकाळीही तसंच झालं असतं. मोठ्या दिवसाचं जे जास्तीचं ऊन, नेमकं तेच आपण पाठीवर घेतलं."

मग आम्ही पॅनल फिरवायला घेतलं. दर दहा मिनिटांनी सूर्याकडे वळवायचं आणि टेकू बदलायचा. साठ टक्के झाले, मग सत्तर. घामाने डोळे चुरचुरत होते, पण आकडा पळत होता.

पाचला बापू आले. पाहुण्याकडे बघायच्या आधी त्यांनी पॅनलकडे बघितलं. "शलाके, अगं, उत्तरेकडं कुणी फिरवलं हे?"

मी त्यांना सूर्य दाखवला. तो सरळ पश्चिमेला नव्हता, चांगला उत्तरेकडे सरकलेला होता. बापूंनी दोनदा दिशा ताडून पाहिली. "वर्षातले नऊ महिने माझंच बरोबर हाय," ते पुटपुटले. "पण मे, जून, जुलैचं काय? बिजागऱ्या लावाव्या लागतील सगळ्या पॅनलांना. वळवता यायला पाहिजेत." मग बाह्या सरसावून त्यांनी पॅनलची दुसरी बाजू धरली.

सातला सत्त्याण्णव. सूर्य टेकडीला टेकला. नव्याण्णव. लाल कडा बुडता बुडता यानात हिरवा दिवा लागला आणि आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

इक्कू आत बसला. "पुढच्या वेळी मुलीला घेऊन या," मी म्हणाले. "जूनमध्येच या."

"ती विचारेल, मोठा दिवस म्हणजे किती मोठा?"

"सांगा तिला," मी म्हटलं, "बाबांना घरी पोचायला पुरेल एवढा."