सात डब्यांचा सिनेमा

"होडीवाला! परत होडीवाला! हाही होडीवालाच!"

भोंग्याने चिठ्ठ्यांचा ढीग टेबलावर पालथा केला आणि अशा आवाजात मोजायला सुरुवात केली, की खाली तिकिटाच्या रांगेतले लोक माना वर करून बघायला लागले.

"अरे, हळू! मशीन बंद आहे आणि तू चालू आहेस," मावशी म्हणाली.

मावशी म्हणजे गावातल्या एकुलत्या एका थिएटरची ऑपरेटर. कपाटापेक्षा उंच दोन मशीन, तेलाचा वास, भिंतीत दोन चौकोनी झरोके, अशी तिची खोली. बारा वर्षं ती तिथूनच अख्ख्या गावाला हसवत आणि रडवत होती! पण येत्या सोमवारी ही मशीन निघणार होती आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटर येणार होता. म्हणून रविवारी दुपारी तीनला जुन्या मशीनवरचा शेवटचा खेळ लागणार होता, आणि तोही गावाच्या आवडीचा.

सुट्टीत मावशीकडे आलेल्या तिन्ही भाचरांना त्यामुळे आयतंच काम मिळालं होतं. भोंगा तेरा वर्षांचा, नावाप्रमाणे आवाजाचा. खारू, त्याची मावसबहीण, अकरा वर्षांची; दिसेल तो कागद साठवून ठेवायची खोड, म्हणून खारू. आणि शेपूट. शेपूट सहा वर्षांचा होता आणि कुणी कितीही हाकललं तरी मागेच असायचा.

घरोघर जाऊन विचारायचं होतं, 'तुमचा सगळ्यात आवडता सिनेमा कोणता?' त्यापुढे 'आणि का?' ही खारूची भर. त्या दोन शब्दांनी चांगलाच घोळ केला. सिनेमाचं नाव सांगायला माणसाला एक क्षण लागतो, पण का आवडला ते सांगताना लोक हातातली कामं टाकून उंबऱ्यावर बसत. खारू ते शब्दन्‌शब्द चिठ्ठीच्या पाठीवर आणि वहीत उतरवून घेई; वही दोन दिवसांत भरली. एवढी मोठी माणसं एखाद्या गोष्टीवर इतकं जीव तोडून बोलतात, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिला ती सगळीच एकदम आवडायला लागली.

आता मोजणी संपली. त्र्याऐंशीपैकी त्रेसष्ट मतं होडीवाल्याला!

या सिनेमाचं खरं नाव लांबलचक होतं, ते कुणी घेत नसे. एकेचाळीस वर्षांपूर्वी तो याच गावच्या बंदरात काढला होता. दीपगृहाचा म्हातारा रखवालदार समुद्रात गेलेल्या मुलाच्या होडीसाठी रोज संध्याकाळी दिवा लावतो, एवढीच गोष्ट. निर्माता कर्जात बुडाला, त्यामुळे सिनेमाची रिळं इथेच राहिली आणि वर्षातून एकदा मावशी ती लावत असे.

"ठरलं तर!" भोंगा म्हणाला.

"थांब," खारू वही चाळत म्हणाली. "हे बघ. सलूनवाले काका म्हणतात, होडी परत येते."

"मग?"

"आणि शाळेचे सर म्हणतात, येतच नाही!"

तिघे धावले ते थेट सलूनमध्ये. नशीब असं, की सर तिथेच खुर्चीवर होते, तोंडाला साबणाचा फेस लावून.

"काका, शेवटी होडी येते ना?" भोंग्याने दारातूनच विचारलं.

"येते म्हणजे? एकदाच पाहिलाय, पण डोळ्यांसमोर आहे. सगळं गाव किनाऱ्यावर धावतं!" काकांनी वस्तरा हवेत फिरवला.

"काय सांगता!" सर ताडकन उठले. "दिवा विझतो. पडदा काळा होतो. होडी येत नाही! अहो, 'समाप्त' अशी पाटीसुद्धा नाही. दुःखाला समाप्ती नसते, हेच तर सांगायचंय! मी तीस वर्षं वर्गात शिकवतोय हे!"

"सर, तुम्हाला डुलकी लागली असेल."

"डुलकी? मला?"

"हलू नका हो, कान जाईल!"

मुलांनी काढता पाय घेतला. तिकिटाच्या खिडकीवर मात्र त्यांना वेगळंच ऐकायला मिळालं. तिथल्या काकू मान खाली घालून तिकिटांवर शिक्के मारत होत्या.

"काकू, तुमची चिठ्ठी कोरीच आली," खारू म्हणाली.

"माझी नको धरू. आणि जमलं तर तो होडीवालाही नको, दुसरं काहीतरी लावा."

"का? तुम्हाला आवडत नाही?"

शिक्का थांबला. "मला नाही आवडणार तर कुणाला? मी आहे त्यात. सात वर्षांची होते. शेवटी कंदील घेऊन किनाऱ्यावर पळत जाते आणि धपकन पडते. सिनेमा लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाहिला होता. नंतर एकदा सगळ्यांना हौसेने सांगितलं, आणि सिनेमात मी दिसलेच नाही! तेव्हापासून प्रत्येक वेळी बाहेर पडणारे लोक खिडकीत डोकावून विचारतात, 'काय हिरॉईनबाई, यंदाही नाही दिसलात!' जाऊ दे. सोमवारी मशीन गेलं की विषय संपला. मग खरं-खोटं करायलाही काही उरणार नाही."

काकू हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"थापा मारतात," जिन्यावर भोंगा त्याच्या मानाने कुजबुजला, म्हणजे नेहमीच्या आवाजात बोलला.

"मुळीच नाही! थापच मारायची, तर कुणी धपकन पडणारी मुलगी होईल का? परी नाही होणार? राजकन्या नाही होणार?"

"हं, ते खरं," भोंगा म्हणाला.

त्या दुपारी खारूने त्रेसष्ट चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या. 'होडी येते' म्हणणारे नऊ, 'दिवा विझतो' म्हणणारे चोपन्न. वयाप्रमाणे लावून पाहिल्या. जमेना. बाल्कनी आणि खालची जागा असं करून पाहिलं. छे! शेवटी ती नुसतंच 'आणि का' वाचत बसली.

"'सिनेमा इतका भारी, की तेव्हा राहायचो त्या वाडीपर्यंत चार मैल चालत गेलो तरी पाय दुखले नाहीत.' हे सलूनवाले काका. 'रस्ताभर आम्ही त्यातली गाणी म्हणत चाललो.' ही बेकरीवाली आजी. 'चपला हातात घेऊन चालत...' अरे! हे सगळे चालत का गेले?"

"बस चुकली असेल," शेपूट म्हणाला. त्याचं रोज काही ना काही चुकत असे, म्हणून त्याला ते लगेच सुचलं.

खारूने दुसरा ढीग ओढला. सरांची चिठ्ठी सगळ्यात वर होती, 'सुन्न होऊन बसमध्ये बसलो.'

"भोंग्या! ज्यांची बस चुकली, त्यांची होडी आली! ज्यांना बस मिळाली, त्यांची नाही आली! बस मिळावी म्हणून कुणीतरी सिनेमाच लवकर संपवला!"

मावशीने आधी हसण्यावारी नेलं. मग तिने रिळांची पेटी ओढली. पेटीला कप्पे आठ, रिळांचे डबे सात.

"आठव्यात मी कात्री ठेवते," ती हळूच म्हणाली. सातवं रीळ काढून तिने टोक उजेडात धरलं. टोक सरळ, कोरं. 'समाप्त'चा पत्ता नाही. "बारा वर्षं मी अर्धवट सिनेमा दाखवतेय! आणि मला वाटायचं, काय वेगळा शेवट आहे!"

काढलं कुणी? त्याचं उत्तर सलूनवाल्या काकांकडे होतं. "तेव्हा मॅनेजर नवेच होते. दोन दिवस लोकांच्या बस चुकल्या, तिसऱ्या दिवशी सगळे त्यांच्या अंगावर धावून गेले."

मॅनेजरसाहेब अंगाने लहान आणि रागाने मोठे होते. उंच खुर्चीवरून त्यांनी तिघांकडे चष्म्यावरून पाहिलं.

"डबे सातच आहेत! रजिस्टरमध्ये सात लिहिलेत!"

"कुणी लिहिलेत, साहेब?" खारूने अगदी गरीब चेहऱ्याने विचारलं.

"मीच! म्हणजे... मीच लिहिणार ना! चला, निघा!"

तेवढ्यात शेपटाने भोंग्याची बाही ओढली. तो नेहमीप्रमाणे टेबलाखाली काहीतरी शोधत होता. "दादा, साहेबांच्या गादीखाली थाळी आहे. गोल, पत्र्याची."

भोंग्याने एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा खारूकडे. मग तो शांतपणे व्हरांड्यात गेला आणि देवाने दिलेला तो आवाज त्याने एकदाचा सत्कारणी लावला.

"बस आली! पाचची बस आली!"

साडेचारच वाजले होते. पण एकेचाळीस वर्षं त्याच बसने घरी जाणाऱ्या माणसाला घड्याळ बघायला कुठली फुरसत! साहेब खुर्चीवरून उडालेच, आणि छत्री उचलून त्यांनी धूम ठोकली. खारूने गादी फेकली. खाली गंजका डबा होता, आणि झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं, ८.

"बस कुठाय?" साहेब धापा टाकत परतले. डबा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "अरे देवा! हा अजून इथेच! दोन दिवस सुरक्षित राहावा म्हणून मीच इथे... मग खुर्चीची उंची बरोबर झाली, आणि राहूनच गेलं."

"साहेब, तुम्ही इतकी वर्षं शेवटावर बसलाय!" भोंगा म्हणाला.

साहेबांना राग यायला हवा होता. पण ते स्टुलावर मटकन बसले आणि म्हणाले, "त्या खिडकीवरच्या बाईला मीही हसलोय रे."

मावशीने तीन दिवस ते रीळ मऊ कापडाने पुसलं, तुटके सांधे चिकटवले. फिल्म आकसली होती, आंबूस वास येत होता. "एकदा चालेल. दोनदाही चालेल. पुढचं मी नाही सांगू शकत," ती म्हणाली. तोवर काकूंना सांगायचं नाही असं ठरलं; रीळ ऐन वेळी तुटलं, तर पुन्हा तेच हसू नशिबी नको.

रविवारी थिएटर खचाखच भरलं. खिडकीवर मॅनेजरसाहेब स्वतः टाचा उंचावून उभे होते. खारूने काकूंना हात धरून आत ओढत नेलं.

सातवं रीळ संपलं. दिवा विझला. पडदा काळा झाला. लोक डोळे पुसत सवयीप्रमाणे उठले, आणि दारात टॉर्च घेतलेले साहेब आडवे आले.

"बसा! सिनेमा संपलेला नाही. एकेचाळीस वर्षं संपलेला नाही. चूक माझी आहे."

वरच्या झरोक्यातून प्रकाशाचा झोत आला. पडद्यावर पहाट झाली आणि दूर एक शीड दिसलं! अख्खं थिएटर ओरडलं. किनाऱ्यावर माणसं धावत होती, आणि त्यांच्या पुढे, हातात कंदील, पुढचे दोन दात पडलेले, एक चिमुरडी. ती धपकन पडली. तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली, तिने मुलीला उचललं, गुडघा झटकला, पाठीत एक हलकी चापट दिली, पदराने तिचं नाक पुसलं आणि कॅमेऱ्याकडे नजर जाताच लाजून पळाली. लोक खदखदून हसले. होडी किनाऱ्याला लागली. 'समाप्त.'

दिवे लागले. सगळी डोकी एकदम काकूंकडे वळली. आधी कुणीतरी एकट्याने टाळी वाजवली, मग टाळ्या थांबेचनात. सर उठून पुढे आले.

"बाई, मला माफ करा. आणि मुलांनो, शाबास! तीस वर्षं मी अर्धा सिनेमा शिकवला आणि उत्तरं पूर्ण समजून बसलो. तुम्ही ऐकलेलं प्रत्येक वाक्य लिहून घेतलंत, म्हणून हे सापडलं. असं ऐकायला आम्हालाही जमलं नाही!"

"काकू, तुम्ही दिसलात! खरंच दिसलात!" खारू उड्या मारत होती.

काकू मात्र अजून पडद्याकडेच बघत होत्या. गाल ओले झाले होते.

"मी नाही गं," त्या म्हणाल्या. "ती चापट मारणारी पाहिलीस? ती माझी आई. त्यानंतरच्याच वर्षी गेली. तिचा एकसुद्धा फोटो नाही आमच्याकडे. मला वाटायला लागलं होतं, तिचा चेहराही मीच मनाने बनवलाय."

खारूने काकूंचा हात घट्ट धरला, मान वर केली आणि भोंग्यालाही लाजवेल अशा आवाजात झरोक्याकडे बघून ओरडली, "मावशी! आठवं रीळ पुन्हा लाव!"

मशीन घरघरलं. दिवे गेले. एकही माणूस जागेवरून उठला नाही.