याव आप्राकूच्या हातचं पाणी

मेलेल्या माणसानं सेर्वासमोर पाण्याचा पेला धरला, आणि तिनं तो घेतलासुद्धा!

घेतला म्हणजे काय, हात आपोआप पुढे गेला. दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं आणि त्यानं ते उजव्या हातानं घ्यायचं, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की पाणी देणारा जिवंत आहे की मेलेला, याची चौकशी हातानं केलीच नाही. डोळ्यांनी मात्र केली. तेच रुंद कपाळ. डाव्या भुवईवरची तीच बारीक खूण... आणि ओठांच्या कोपऱ्यात दडवलेलं तेच हसू, ज्यानं वर्षभर तिचं डोकं फिरवलं होतं.

“पी ना,” याव आप्राकू म्हणाला. “विहिरीचं आहे. स्वर्गातलं नाही.”

मागे धप्पकन आवाज झाला. विद्यार्थी कल्याण समितीचा अध्यक्ष दार्को आणि त्याच्या हातातलं भलंमोठं पुष्पचक्र, दोघंही एकदमच खाली बसले होते. दोन मुली किंचाळत फाटकाकडे पळाल्या. सुतकाची काळी-लाल कापडं नेसलेली बाकीची समिती कोंबड्यांसारखी अंगणभर पांगली.

सेर्वा पळाली नाही. 

“तू... तू मेलायस,” ती म्हणाली.

“मी? कधी?”

“मागच्याच आठवड्यात!”

“कमाल आहे. मला कुणी सांगितलंच नाही.”

आता ही सगळी करणी दार्कोची. बहिणीकडून परत येताना त्यानं ट्रोट्रोच्या, म्हणजे खच्चून भरलेल्या छोट्या बसच्या, खिडकीतून बेपोसो फाट्यावरच्या भिंतीवर एक पोस्टर पाहिलं होतं. काळी चौकट, मधोमध आप्राकूचा चेहरा, खांद्यावरून घेतलेलं भारी कापड, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘याव आप्राकू’. आजोबा आजारी आहेत म्हणून आप्राकू गावी, बेपोसोला गेला तो परत आलाच नव्हता. फोन करायचा तर पोस्टात जाऊन रांग लावायची, आणि लावली तरी बेपोसोत तो उचलणार कोण? दार्को रडत रडत वसतिगृहात शिरला आणि तासाभरात सगळं कॉलेज रडायला लागलं. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी कुणी वारलं की समितीनं त्याच्या दारी जायचं, ही तिथली जुनी रीत. पण खुद्द विद्यार्थीच जाण्याची वेळ समितीवर कधी आली नव्हती.

शनिवारी गाडी निघाली. हरमॅटनचे दिवस. कोरडा वारा धूळ उडवत होता, ओठ फुटत होते. मागच्या बाकांवर मुली शोकगीताचा सराव करत होत्या. समितीची चिटणीस म्हणून सेर्वा पुढे बसली होती.  गाडी कोकोच्या मळ्यांतल्या रस्त्याला लागली आणि तिचा बांध फुटला.

“मी त्याला हसले रे!” ती ओरडली. “भर सभेत हसले! आणि मला तोच... मला तोच हवा होता!”

गाणं मधेच थांबलं. ड्रायव्हरनंसुद्धा मान वळवून पाहिलं. त्या क्षणी तिला कशाचीच लाज वाटली नाही. ज्याच्यापासून लपवायचं तो माणूस जगातच नव्हता.

आणि आता तो समोर उभा होता. सदऱ्याची बाही दुमडून, हातात पाण्याचा ट्रे धरून.

घरातून एका बाईंचा खणखणीत आवाज आला, “नाना, पाहुण्यांना तोंडं धुवू देत आधी! मंडळी जमेपर्यंत बसव त्यांना.” आजोबांचंच नाव नातवाला ठेवलेलं, म्हणून घरात त्यालाही सगळे नानाच म्हणत. आप्राकूनं सेर्वाला मागच्या अंगणात, पिंपापाशी नेलं. तिथं चटयांवर कोको वाळत घातला होता. त्याचा आंबूस वास तिच्या नाकात शिरला. भोपळ्याच्या तुंबड्यानं तो तिच्या ओंजळीत पाणी ओतू लागला.

“रडलीस?”

“धूळ आहे.”

“धुळीचे असे उभे ओघळ?”

“हरमॅटनची धूळ आहे ती. काहीही करते.” तिनं तोंडावर पाणी मारलं. “ते पोस्टर! त्यावर तुझा फोटो का होता, ते सांग आधी.”

“नानांचा तरुणपणचा फोटोच नव्हता. आणि काकांना सुरकुतलेला फोटो लावायचा नव्हता, गावात हसं होईल म्हणे. मी हुबेहूब नानांसारखा दिसतो. मग काय! त्यांचं कापड मला गुंडाळलं, त्यांच्या खुर्चीत मला बसवलं, आणि काढला फोटो.”

सेर्वानं ओलं तोंड वर केलं. “आणि वय? वय नको लिहायला?”

“लिहिलंय की खाली. पंच्याण्णव.”

“गाडी जोरात होती!” भिंतीपलीकडून दार्कोचा केविलवाणा आवाज आला.

सेर्वाला हसू फुटलं. हसता हसता पुन्हा रडू आलं, आणि यावेळी धुळीवर ढकलायचीही सोय राहिली नाही. आप्राकूनं तुंबडा खाली ठेवला. खिशातला रुमाल काढला, धुतलेला आहे ना ते पाहिलं आणि मग पुढे केला.

“माझ्यासाठी एवढी रडशील हे माहीत असतं,” तो हळूच म्हणाला, “तर मी आधीच मेलो असतो.”

“असलं बोललास तर खरंच मारीन.”

“बघ, मेल्यावर तरी भांडण सोडशील असं वाटलं होतं.”

“तू... परत कधी येतोस?”

तो वाकून चटईवरच्या बिया हातानं सारख्या करू लागला.

“येत नाही,” तो म्हणाला. “नानांनी मळा माझ्या नावावर केलाय. काका म्हणतात, थांब इथंच, शिकून मास्तरच होणार ना. आणि तिकडे माझ्यावाचून कुणाचं अडलंय, सेर्वा?”

माझं अडलंय, असं अगदी तिच्या जिभेवर आलं. तिथंच अडकलं. तिला ती सभा आठवली. समितीचा वर्धापनदिन जवळ आला होता, आणि समितीचा इतिहास सांगायचं काम तिच्याकडे होतं. संस्थापक फ्रिम्पाँग सरांची तसबीर सभागृहात होती. जाड चष्मा, मिटलेले ओठ. दरवर्षी नव्या सभासदांना त्या तसबिरीसमोर शपथ घ्यावी लागायची. विद्यार्थ्यांच्या दुःखात त्यांच्या दारी जाऊन अश्रू पुसावेत या थोर विचारातून सरांनी समिती काढली, असं सेर्वा सांगत असताना आप्राकू उभा राहिला होता. “समिती रडायला निघालीच नव्हती,” तो म्हणाला होता. “ती पहिल्यांदा आली माझ्या आजोबांच्या अंगणात. आणि तिचं पहिलं वाक्य होतं, आम्ही आमचं माणूस परत न्यायला आलो आहोत. विचारा हवं तर, फ्रिम्पाँग सर माझ्या आत्याचे यजमान.” त्यावर सेर्वा म्हणाली होती, “इथं ज्याच्या त्याच्या आत्याचे यजमान फ्रिम्पाँग सरच असतात!” सगळं सभागृह खो खो हसलं. तोही हसला. पण बसताना त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं... ती नजर तिला अजून टोचत होती. दुसऱ्याच दिवशी तो गावी निघून गेला.

“सेर्वा, चल! बोलावतायत,” दार्कोनं हाक मारली.

अंगणात बाकं समोरासमोर मांडली होती. समितीनं रांगेनं सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. घरच्यांच्या मधोमध नानांची रिकामी खुर्ची होती आणि तिच्या शेजारी आप्राकूची कोनाडू आत्या. निवृत्त शिक्षिका, पिकलेले केस, काळं कापड, ताठ पाठ.

“इथलं तुम्हाला ठाऊकच आहे,” आत्या म्हणाली. “नाना गेले. बाकी घर शांत आहे. वाट चालून आलात ते तुम्ही. बोला, कशासाठी येणं केलंत?”

हा प्रश्न प्रत्येक घरात होतो आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. समितीकडून बोलायचं ते चिटणिसानं. सेर्वा उठली. पाठ केलेलं भाषण तयार होतं: आमचा लाडका मित्र याव आप्राकू आम्हाला सोडून गेला...

“आजोबांवर ढकल,” दार्को कानाशी कुजबुजला. “नाव तेच आहे! पुष्पचक्रही चालून जाईल!”

चाललं असतं. कुणी बोट ठेवलं नसतं. दुपारी गाडी परत गेली असती, आणि हा इथंच कोको वाळवत राहिला असता. ट्रे घेऊन खांबाशी उभ्या असलेल्या आप्राकूकडे सेर्वानं पाहिलं. 

“आम्ही,” ती म्हणाली, “आम्ही... आमचं माणूस परत न्यायला आलो आहोत.”

आत्याचा हात तोंडाशी गेला. काका चुळबुळले.

“काय म्हणालीस? पुन्हा म्हण.”

सेर्वानं पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज फुटला. आणि सुतकाच्या घरात, भर मंडळींत, कोनाडू आत्या हसायला लागली! डोळ्यांतून पाणी येईतो हसली.

“अगं पोरी, हे वाक्य या अंगणात मी आधी ऐकलंय. त्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून. आई गेली आणि नानांनी माझं कॉलेज बंद केलं. एके दिवशी बाहेर पाहते तर फ्रिम्पाँग! बरोबर चार मुलं, सगळ्यांनी मागून आणलेले कोट घातलेले. पाणी झालं. नानांनी विचारलं, कशासाठी आलात? आता तो बिचारा काय सांगणार? तुमच्या मुलीवाचून मला जेवण जात नाही, असं सांगणार? घाम फुटला त्याला. मग छाती काढून म्हणतो कसा, आम्ही कॉलेजची विद्यार्थी कल्याण समिती आहोत. आम्ही आमचं माणूस परत न्यायला आलो आहोत.”

“म्हणजे...” दार्कोचा आवाज चिरकला. “समिती तेव्हा...”

“कसली समिती! तोंडाला आलं ते ठोकून दिलं त्यानं. पण नानांना वाटलं, कॉलेजनं खास माणसं पाठवलीत, नाही कसं म्हणायचं? सोडलं मला. मग खोटं उघडं पडू नये म्हणून परत गेल्यावर खरीच समिती काढावी लागली!”

 शपथ, तसबीर, शोकगीत... एवढी वर्षं गंभीर चेहऱ्यानं केलेलं सगळं एका प्रेमात पडलेल्या पोरानं घाम पुसत मारलेल्या थापेवर उभं होतं. दार्को काकांच्या हातातलं पाणी मागून प्यायला.

“आत्या!” आप्राकू ओरडला. “नानांनी मला ते वाक्य सांगितलं होतं, पण हे... हे तू कधी बोलली नाहीस!”

“नाना होते ना. शेवटपर्यंत त्यांना अभिमान होता, कॉलेजनं माझ्या दारी समिती पाठवली म्हणून. ते असताना कुठल्या तोंडानं सांगू?” आत्यानं रिकाम्या खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवली. मग चष्मा पुसून सेर्वाकडे पाहिलं. “तेव्हा कुणी त्याला खोदून विचारलं नाही. तुला मी विचारते. समिती आलीय, की तू आलीस?”

सेर्वाचे कान तापले. तिनं आपल्या माणसांकडे पाहिलं. गाडीतलं तिचं रडणं ऐकलेली सगळी समिती एकाग्रपणे जमिनीकडे बघत होती.

“समितीला तशी... गाडीत जाऊन बसायला हरकत नाही,” दार्को खाकरून म्हणाला.

“समिती नानांसाठी आलीय,” सेर्वा म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. “मी याला न्यायला आलेय, आत्या. मी याला हसले ते चुकले. हा गेला असं कळलं ना, तेव्हा मला दुसरं काही सुचेना. हा हवाय मला. रोज भांडायलासुद्धा हाच हवाय. मळा याचा आहे, मला ठाऊक आहे, पण...”

खणकन ट्रे खाली पडला.

आता हबकायची पाळी याव आप्राकूची होती. तो खांबाला धरून उभा होता. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, आणि जिवणीवरचं ते नेहमीचं हसू कुठल्या कुठे पळालेलं. वर्षभर ज्याच्या जिभेला हाड नव्हतं त्याला एक शब्द सापडेना.

“मळ्याला काय धाड भरलीय?” आत्या काकांकडे बघून म्हणाली. “हा शिकून येईतो तुम्ही आहात, मी आहे. नाना, उत्तर दे त्यांना.”

“पाणी...” आप्राकू कसाबसा म्हणाला. “मला कुणीतरी पाणी द्या.”

सेर्वानं खाली पडलेला पेला उचलला, धुतला आणि माठातून भरला. तिनं तो उजव्या हातानं त्याच्यापुढे धरला. त्यानं तो घेतला. बोटांना बोटं लागली आणि कुणीच लवकर सोडली नाहीत. तो सगळं पाणी प्यायला, तळापर्यंत, तिच्याकडे बघत.

मग तोंड पुसून तो दार्कोकडे वळला.

“गाडीत जागा आहे?”

“पुष्पचक्र नानांच्या खुर्चीवर ठेवलं,” दार्को म्हणाला, “तर आहे.”