कडीवरचा हात

साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करण्याआधी आता खुर्चीत बसवतात. जिल्हा न्यायालयाच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्यासाठी एक खोली केलेली होती. आत पंखा, पाण्याचा माठ आणि दंतवैद्याकडे असते तशी कलती खुर्ची. जुन्या घटनेची साक्ष असेल तर आधी इथे उगमचाचणी, म्हणजे आठवण कुठून आली याची तपासणी, द्यायची, मग वर जायचं. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती, की रक्तदाब मोजून घ्यावा तसे ते येऊन बसत आणि उठून जात.

पंचशीला ओव्हाळने बांगड्या आणि कानातले काढून पिशवीत ठेवले. चाचणी घेणाऱ्या श्रोत्रीबाईंनी तिच्या कपाळाभोवती थंड पट्टी आवळली आणि सांगितलं, की त्या संध्याकाळचं दार आठवा. दार, कडी आणि कडीवरचा हात. बाकी काही नको.

पंचशीलाने डोळे मिटून आठवलं. थोड्या वेळाने डोळे उघडले, तर श्रोत्रीबाई पडद्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी दाराबाहेर थांबलेल्या तहसीन मुजावर यांना आत बोलावलं. तहसीन या खटल्यातल्या विशेष सरकारी वकील.

"ही आठवण जगलेली नाही," श्रोत्रीबाई म्हणाल्या. "पाहिलेली आहे."

तहसीनने पंचशीलाकडे पाहिलं. त्या नजरेत काळजी नव्हती, निव्वळ राग होता.

खटला बावीस वर्षं जुना होता. धामणवाडीच्या गायरानावर, म्हणजे गावाच्या सामाईक चराऊ जमिनीवर, ओव्हाळांची चार घरं ज्वारी-तूर पेरत आली होती. गावच्या रंगनाथ आप्पा गोरडे यांना ती जमीन हवी होती. एका संध्याकाळी तिथल्या पत्र्याच्या खोलीला आग लागली. आत पंचशीलाचा थोरला भाऊ सिद्धोधन तापाने फणफणून झोपला होता. पंचशीला तेव्हा एकोणीस वर्षांची होती, कापूस वेचून परतत होती. बांधावरून तिने पाहिलं, की आप्पाने बाहेरून कडी घातली, डिझेलचा कॅन पत्र्याला टेकवून ठेवला आणि मागे न बघता निघून गेला. पाहणारे आणखीही होते. पण खटला उभा राहिला तेव्हा ते एकेक करून फितूर झाले आणि एकटी पंचशीला टिकली. एकटीच्या साक्षीवर कोर्टाचा विश्वास बसला नाही. आप्पा सुटला.

ती केस वकील दिगंबर नवगिरे यांनी लढवली होती. दम्याचा माणूस, आवाज बसका, कोर्टात बोलायला लागले की मागच्या बाकावर ऐकू जात नसे. निकालानंतर इतर सगळे पांगले, पण नवगिरे अपील घेऊन बसले. दर तारखेला एसटीने यायचे, पंचशीलाला समोर बसवून तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, आणि ती जरा भरकटली की रागावायचे. पाहिलंस ते सांग, ऐकलंस ते वेगळं ठेव, हे त्यांचं पालुपद. वरच्या कोर्टाने फेरसुनावणीचा हुकूम दिला तेव्हा ते हयात नव्हते. त्यांची ज्युनिअर तहसीन, तिने केस हातात घेतली होती.

आणि नेमक्या त्याच वर्षी 'नवगिरे' नावाचा अंगपट आला.

अंगपट म्हणजे डोक्यावर टोपी घालून अंगाने पाहायचा चित्रपट. त्यात आच लागते, धूर घशात उतरतो, कुणी हात धरला की हाताला कळतं. धामणवाडीत कंपनीची माणसं टोप्यांच्या पेट्या घेऊन आली तेव्हा लोकांनी चेष्टा केली, की हे आपल्याला टोपी घालायलाच आलेत. सिद्धोधनच्या स्मृतिदिनी समाजमंदिरात खेळ ठेवला होता. पंचशीला जाणार नव्हती. पण कंपनीच्या मुलीने घरी येऊन सांगितलं, की यात तुमचा भाऊ आहे, बोलतो, हसतो, तुमच्याशेजारी बसून जेवतो.

मग ती गेली.

हे सगळं आता त्या तळमजल्यावरच्या खोलीत तिला सांगावं लागलं. तहसीनने विचारलं, किती वेळा पाहिलास. पंचशीलाने पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, की सत्काराच्या शालीबरोबर कंपनीने एक टोपी भेट दिली होती.

"म्हणजे घरी बसून पाहत होतीस."

"आगीच्या आधीचंच पाहायचे. तो जेवायला बसतो तिथपर्यंत." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "कधीकधी टोपी वेळेवर निघायची नाही."

श्रोत्रीबाईंनी मग तहसीनला समजावून सांगितलं, आणि पंचशीलाला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. आठवण काढली, की ती ओल्या मातीसारखी मऊ होते आणि पुन्हा वाळते. मऊ असताना शेजारी जे असेल त्याचा ठसा तिच्यावर उमटतो. साध्या चित्रपटाचा ठसा उथळ असतो. अंगपटाचा खोल जातो, कारण शरीराला ते घडलेलंच वाटतं. फक्त तो ठसा सगळ्या प्रेक्षकांच्या डोक्यात तंतोतंत एकसारखा असतो, आणि त्यावरून यंत्राला तो ओळखता येतो.

"खालची आठवण शिल्लक असेल?" तहसीनने विचारलं.

श्रोत्रीबाई म्हणाल्या, की असेलही. कंपनीने कोणते प्रसंग रचलेले आहेत ते लिहून दिलं, तर तेवढे वजा करून बघता येईल. नाहीतर नाही.

कंपनीच्या वकिलांनी दोन ओळींचं उत्तर पाठवलं: चित्रपट सत्य घटनांवर आधारित आहे. तहसीनने पुण्याला फोन लावून दिग्दर्शक निनाद टिपरे यांची वेळ मागितली, आणि पंचशीलाला बरोबर नेलं.

टिपरे यांनी चहा मागवला. माणूस सभ्य होता. भिंतीवर पोस्टर होतं. त्यात काळा कोट घातलेला एक रुंद खांद्यांचा नट जळत्या दारातून एका तरुणाला हातांवर उचलून बाहेर येत होता. पंचशीलाची त्या तरुणाकडे नजर गेली आणि तिला तो सिद्धोधनच वाटला. खऱ्या सिद्धोधनचा एकच फोटो तिच्याकडे होता, मतदार ओळखपत्रावरचा, काळपट. तो पाहून हल्ली तिला परका माणूस पाहिल्यासारखं होत असे.

टिपरे म्हणाले, की नवगिरेंचं नाव तालुक्याबाहेर कुणाला माहीत नव्हतं. आज कायद्याची मुलं त्यांचं शेवटचं भाषण पाठ म्हणतात.

"ते भाषण त्यांनी केलंच नव्हतं," तहसीन म्हणाली. "मी कोर्टात होते. त्यांनी कडी आतून होती का बाहेरून, एवढंच पंचाला विचारलं आणि खाली बसले. खोकला आला होता."

"करायला हवं होतं," टिपरे म्हणाले.

"आणि ते केस हरले."

टिपरे यांनी हात पसरले. हरलेल्या वकिलाचा अंगपट कोण अंगावर घेईल, असं काहीसं ते म्हणाले.

पंचशीलाने पहिल्यांदा तोंड उघडलं. "आप्पा कुठंय तुमच्या पिच्चरमध्ये?"

त्यांनी सांगितलं, की आप्पा निर्दोष सुटलेला माणूस, त्याला दाखवलं असतं तर दावा ठोकला असता. म्हणून तोंड बांधलेला जमाव घेतला.

"मग दारावर कोण?"

"दारावर नवगिरे. ते कडी काढतात. बघणाऱ्याला दारावर कुणीतरी लागतं, बाई."

"साहेब त्या दिवशी आमच्या गावात नव्हते. आठ दिवसांनी आले, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. दारावर आप्पा होता, आणि तो कडी काढत नव्हता, घालत होता. एवढं कागदावर लिहून द्या. दुसरं काही नको."

टिपरे यांनी कप बशीत ठेवला. मग त्यांनी सरळ सांगितलं, की ते होणार नाही. शाळांमधून इतिहासाच्या तासाला अंगपट दाखवतात. मधलं अर्धं रचलेलं आहे असं सहीनिशी लिहून दिलं, तर उद्या लोक नवगिरेंनाच खोटं म्हणतील, आणि ते आपल्याला बघवणार नाही.

"तुम्हाला माझ्या भावापेक्षा साहेबांची काळजी जास्त आहे," पंचशीला म्हणाली.

"तुमच्या भावाला मीच जिवंत केलंय," टिपरे म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला.

तिने चहा तसाच ठेवला आणि उठली.

साक्षीच्या आदल्या दिवशी तहसीनने तिला ऑफिसात बोलावून घेतलं. न्यायाधीशांनी साक्ष घ्यायचं मान्य केलं होतं, फक्त चाचणीचा अहवाल तिच्यासोबत जोडला जाणार होता. तहसीन म्हणाली, की तू एवढंच म्हण, आप्पा होता. ते खरंच आहे. पंचशीलाने विचारलं, की डोळ्यांपुढे दिसतो का असं विचारलं तर काय सांगू.

"दिसतो म्हण."

"साहेब असते तर म्हणायला लावलं असतं?"

"साहेब नाहीत," तहसीन म्हणाली. "साहेब त्यांच्या पद्धतीने लढले आणि हरले. मला हरायचं नाही."

घरी येऊन पंचशीला ओसरीवर बसली आणि आप्पाला आठवायचा प्रयत्न करू लागली. पांढरं धोतर, बोटातली अंगठी, मनगटावरचा दोरा, सगळं तिला शब्दांत येत होतं. पण कडीवरचा हात डोळ्यांसमोर आणला, की त्याला काळ्या कोटाची बाही फुटायची. बाही मागे सारली, की खाली नटाचं भरदार मनगट. जितक्या वेळा आठवावं, तितकी बाही अधिक काळी होत होती. आठवत बसणंच घातक आहे हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा ती उठून भाकरी थापायला लागली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात आप्पा मागच्या बाकावर काठी धरून बसला होता. पंच्याहत्तरी ओलांडलेला, गालफडं बसलेली. तहसीनच्या प्रश्नांना पंचशीलाने उत्तरं दिली. जमीन, ताप, कापूस, बांध. दारावर कोण होतं? रंगनाथ आप्पा. तिचा आवाज स्थिर होता.

बचावाचे वकील बोधनकर उठले. अहवालाचा कागद त्यांच्या हातात होता, पण त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही. मुलीशी बोलावं तसे ते मृदू बोलले.

"बाई, तुम्ही शपथ घेतली आहे. आत्ता, इथे उभ्या असताना, कडीवर कुणाचा हात दिसतो तुम्हाला?"

पंचशीलाने तहसीनकडे पाहिलं. तहसीन टेबलाकडे पाहत होती.

"साहेबांचा," पंचशीला म्हणाली. "काळ्या कोटाची बाही दिसते. पण साहेब तिथं नव्हते. म्हणजे दिसतंय ते खोटं आहे. खरं काय ते मला माहीत आहे, बावीस वर्षं माहीत आहे, पण ते आता दिसत नाही. पाहिलेलं सांग म्हणाले होते साहेब. मी पाहिलं होतं. कुणीतरी ते माझ्यातून काढून नेलं."

न्यायाधीशांनी ते शब्दशः लिहून घ्यायला लावलं. बोधनकर आभार मानून बसले.

तहसीन उभी राहिली. तिच्याजवळ एकच गोष्ट उरली होती, पंचशीलाची बावीस वर्षांपूर्वीची जबानी. पण आपल्याच साक्षीदाराला तिच्या जुन्या जबानीवरून उलट विचारायचं, तर आधी तिला फितूर जाहीर करून घ्यावं लागतं. तहसीनने तसा अर्ज केला. तिचा चेहरा दगडासारखा होता. न्यायाधीशांनी मान हलवली, आणि पहिल्या खटल्यात एकटी टिकलेली पंचशीला ओव्हाळ कोर्टाच्या दप्तरी फितूर झाली.

त्यानंतर जुनी जबानी ओळीओळीने वाचली गेली. प्रत्येक ओळीला ती हो म्हणाली. पण हो म्हणणं आणि दिसणं यात फरक आहे, असं निकालपत्रात आलं. आप्पा दुसऱ्यांदा सुटला. तहसीनने जिन्यात तिला गाठलं आणि म्हणाली, की तू खोटं बोलली असतीस तर आज खरं जिंकलं असतं. पंचशीला जिना उतरून गेली. त्यानंतर त्या दोघी भेटल्या नाहीत.

गावात तर वेगळंच झालं. ज्या अंगणवाडीत ती मदतनीस होती, तिथे पोरांना सोडायला येणाऱ्या बायका तिला म्हणत, अखेर न्याय मिळाला ना तुम्हाला, साहेबांनी करून दाखवलं. अंगपटाच्या शेवटी जमावाला जन्मठेप होते, आणि लोकांच्या लेखी निकाल तोच होता. तिने सुरुवातीला दोघी-तिघींना दुरुस्त केलं. त्या अविश्वासाने पाहायच्या, एक तर चिडली, की साहेबांच्या उपकाराची जाण ठेव.

टोपी फोडून टाकायचं तिने अनेकदा ठरवलं. पण आता सिद्धोधन फक्त त्या टोपीतच हसत होता.

दिवाळीच्या पुढेमागे एका सकाळी तिच्या दारात गाडी थांबली. नातवाने हात देऊन आप्पाला उतरवलं आणि आप्पाने त्याला गाडीतच बसायला सांगितलं. तो काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आला. ती आत ये म्हणाली नाही. तोही आत आला नाही.

त्याने सांगितलं, की निकालाआधी वकिलांनी त्याला तो अंगपट पाहायला लावला होता, म्हणजे कोर्टात काय विचारायचं ते ठरवता यावं. पुढे कुणी सांगायची गरज राहिली नाही, तो आपला आपणच पाहू लागला. रोज.

"त्यात एक माणूस आहे बघ," तो म्हणाला. "जमावातला नाही. मागून येतो. हातात पाण्याची बादली. पाणी टाकतो, पण तोवर उशीर झालेला असतो. मग तो रडतो."

पंचशीलाला तो माणूस आठवत होता. चित्रपटात त्याला नावसुद्धा नव्हतं.

"तो मीच हाय गं," आप्पा म्हणाला. "हाताला बादलीची कडी रुतल्याची खूण लागतीया अजून. घरचे म्हणत्यात, आप्पा, हेच खरं. पर मधीच मनात शंका येतीया. सारं गाव माझ्या मिंध्यातलं, खरं बोलणारी तू एकलीच. म्हणून आलो. सांग, पाणी मीच आणलं व्हतं नव्हं?"

तिला त्याचा तिरस्कार वाटत होता, आणि तो तिरस्कार अजून शाबूत आहे याचं तिला बरं वाटलं. तिने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. सुरकुतलेला, डाग पडलेला हात. तिने तो मनातल्या मनात त्या दारावर ठेवून पाहिला आणि क्षणभर, एकच क्षण, त्या हातात तिला बादली दिसली.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही बाहेरून कडी घातलीत. माझा भाऊ आत होता."

आप्पाने आपला तळवा उलटसुलट करून पाहिला. मग मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर कावा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"तुला तसं दिसतंय का?" त्याने विचारलं.