खिडकीतला लाल लाइट

सौंसरच्या विजयाबाईंनी त्या रविवारी गुणवंता इलेक्ट्रिशियनला घरी बोलावलं, ते अगदी साध्या कामासाठी. पोर्चमधल्या गाडीच्या अलार्मला एक जास्तीचा लाइट जोडून हवा होता. तो घरात लागायला हवा होता, त्यांचे यजमान श्रीधर सर यांच्या खुर्चीसमोरच्या खिडकीत.

सरांना ऐकू येत नसे. कानाचं मशीन होतं, पण चार महिन्यांपूर्वी त्यांनी ते काढून कपाटात ठेवलं ते ठेवलंच. गाडी मात्र महिनाभरापासून रोज दिवेलागणीला आपोआप कोकलत होती. विजयाबाई सरकारी नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या, तरी बाळंतिणींच्या घरी संध्याकाळी त्यांची फेरी असायचीच. त्या घरी नसताना शेजारच्या अनिलचं तान्हं लेकरू दचकून उठे, आणि सर खिडकीशी शांत पेपर वाचत बसलेले असत.

गुणवंतानं सायरनपासून दोन बारीक वायरी खिडकीतून आत ओढल्या आणि चौकटीला बोराएवढा लाल लाइट बसवला. गाडी बाहेर न्यायची तेव्हा वायरीची पिन काढायची, हेही दाखवलं.

"करंट सायरनचाच घेतला, मॅडम," तो म्हणाला. "सायरन वाजन तेव्हाच हा लागन. नाही त नाही."

विजयाबाईंना त्या गाडीकडे बघवत नसे. चार महिन्यांपूर्वी त्या रामाकोन्याला एका बाळंतपणात अडकल्या होत्या आणि इकडे घरी केतकीला, त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. सरांनी तिला मागच्या सीटवर आडवं केलं आणि नागपूरचा रस्ता धरला. त्या घाईत मशीन घरीच राहिलं. कुठेही न थांबता त्यांनी गाडी दवाखान्याच्या दारात नेली, मागचं दार उघडलं... डॉक्टर म्हणाले, तास तरी झाला असेल. आई आणि बाळ, दोघंही गेली.

तेव्हापासून सर अधूनमधून एकच विचारत. तिनं आवाज दिला असंल का गं? विजयाबाई मान हलवून नाही म्हणत. झोपेतच गेली, असं त्या ओठ स्पष्ट हलवून सांगत. तशा अवस्थेत कोणी झोपेत जात नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

लाइट बसवला त्याच संध्याकाळी तो लागला. सरांनी रिमोट दाबून अलार्म बंद केला. बायको फेरीवरून आल्यावर त्यांनी हे लहान मुलासारखं कौतुकानं सांगितलं. पुढचे चारही दिवस तसंच झालं. पाचव्या दिवशी अनिल फाटकाशी भेटला आणि बरं झालं म्हणाला, रविवारपासून गाडी एकदाही वाजली नाही, लेकरू निवांत झोपतं.

विजयाबाई तिथंच थबकल्या. त्या दिवशी त्या फेरीवर गेल्या नाहीत.

ऊन उतरलं. घरात संत्र्याच्या सालींचा वास होता. सर पेपर घेऊन बसले होते. बाहेर सगळं इतकं शांत होतं की रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची चेन ऐकू येत होती... आणि लाइट लागला. उघडझाप करू लागला, भराभर, एका लयीत. गाडी मुकी उभी होती.

सरांनी रिमोट उचलला. विजयाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. मग नकळत त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली आणि ओठ मोजू लागले. मिनिटाला एकशे बेचाळीस.

पोटातल्या बाळाचे ठोके तेवढेच पडतात. तीस वर्षं त्यांनी ते मोजले होते.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी गुणवंता येऊन वायरी तपासून गेला. सगळं ठीक आहे म्हणाला, पण निघताना त्यानं गाडीच्या काचेतून मागच्या सीटकडे दोनदा बघितलं. त्या संध्याकाळी ठोके एकशे अठ्ठावीस होते. रविवारी एकशे दहा, मधेच अडखळणारे. विजयाबाईंनी देवापुढे दिवा लावला नाही, स्वयंपाक केला नाही. खिडकीसमोर पाट घेऊन त्या नुसत्या मोजत बसल्या.

सोमवारी ते नव्वदवर आले.

त्या उठल्या, पायांत चपला सरकवल्या, खिडकीतली पिन ओढून काढली आणि गाडीची किल्ली सरांच्या हातात ठेवली.

"नागपूर," त्या म्हणाल्या.

सर त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला, आणि ते गाडीत जाऊन बसले.

विजयाबाईंनी मागचं दार उघडलं. आत त्या अगदी कडेला, अंग चोरून बसल्या, बाकीची सीट मोकळी सोडून. गाडी गावाबाहेर पडली. कपाशीच्या शेतांवर अंधार उतरत होता. त्यांनी मोकळ्या जागेवर हात ठेवला.

सीट ओली होती. कोमट.

हात नाकाशी न्यायची गरज नव्हती, तरी त्यांनी नेला. तो वास त्यांना ओळखू आला. पाणमोट फुटली होती.

"जरा जोरात घ्या," त्या म्हणाल्या. मग आठवलं, आणि त्यांनी दुसरा हात पुढे करून सरांचा खांदा दाबला... दाबतच राहिल्या.