नावाच्या जागी

एसटीच्या तिकीट खिडकीवरची नोकरी संपली आणि मी संगणक शिकलो. सिडकोतल्या आमच्या घरी तो पुढच्या खोलीत, खिडकीजवळ ठेवला होता. साल २००७ असेल.

मुलगी पिंकी मालेगावला शाळेत शिकवते. तिनंच मला एका विकीचं, म्हणजे लोकांनी मिळून लिहायच्या संकेतस्थळाचं, काम लावून दिलं. तो विकी बऱ्याच भाषांत होता, पण त्यावरच्या सूचना इंग्रजीत असायच्या. त्या मराठीत करायच्या. प्रत्येक सूचनेचा एक साचा असे. साच्यात मराठी वाक्य भरलं की ते सगळ्या पानांवर दिसायचं. माणसाचं नाव यायचं तिथं फक्त एक खूण ठेवायची. जो पान उघडेल त्याचं नाव तिथं आपोआप उमटायचं.

माझी बायको चांगुणा आत भाकरी थापताना ऐकायची. ती हरसूलकडची.

मी वाचून दाखवायचो, "आपणांस हे पृष्ठ संपादित करण्याची अनुज्ञा नाही."

"कोणाला दम देताय? हे पान तुम्हाला बदलता येणार नाय, असं सांगा की सरळ."

मी तसंच भरायचो. मग ती पिशवी घेऊन भाजीला निघायची आणि दारातून ओरडायची, "अवो, कडी लावू नका. मी आले की लावीन."

तिनं माझं नाव कधी घेतलं नाही. दवाखान्यात नर्सनं नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हाही माझ्याकडं बोट करून हसली. "अवो, तुम्हीच सांगा." त्याच आठवड्यात ती गेली.

बरेच दिवस मी संगणकावरचं फडकं काढलं नाही. मग एका दुपारी, वीज आल्यावर, बसलो. पान उघडलं. वरच ओळ होती:

'अवो, तुमच्यासाठी नवा संदेश आहे.'

तिथं माझं नाव यायला हवं होतं. मी साचा उघडून पाहिला. खूण जागच्या जागी होती. वाक्य मीच भरलेलं, त्याला कोणी हात लावला नव्हता. मी पिंकीला फोन केला.

"मला तर बरोबर दिसतंय, आबा. 'पिंकी, तुमच्यासाठी नवा संदेश आहे.' का हो, काय झालं?"

"काही नाही. जेवलीस का?"

त्यानंतर जिथं जिथं माझं नाव यायचं, तिथं 'अवो' यायला लागलं. काम नसलं तरी मी पानं उघडून बसायचो. कधी भात करपायचा.

सुट्टीत पिंकी आली. माझ्या मागं उभी राहून तिनं ती ओळ वाचली. पुण्याचा ललित त्या साच्यांची देखरेख करायचा, त्याला तिनं कळवलं. त्याचा मला फोन आला.

"काका, साचा बिघडलाय. पुसून नवा टाकतो."

"राहू दे ना. मला चालतंय."

"तुम्हाला चालेल हो! उद्या सगळ्या महाराष्ट्राला 'अवो' म्हणायला लागला तर?"

पिंकीनं माझ्या हातून फोन घेतला. "टाका नवा," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आबा, तुम्ही जेवायचंसुद्धा विसरता हो."

ती मालेगावला परत गेली. मी पान उघडलं.

'निवृत्ती, तुमच्यासाठी नवा संदेश आहे.'

नाव अगदी बरोबर होतं. मी ते बराच वेळ बघत बसलो. घरात आता मला हाक मारणारं खरोखरच कोणी नव्हतं.

मी बाहेर पडायचं बटण दाबलं. बाहेर पडल्यावर जी सूचना यायची, ती मराठीत करायची राहिली होती. तिचा साचा रिकामाच होता. तिथं नेहमी इंग्रजी ओळ यायची.

त्या दिवशी मराठी आली.

'अवो, कडी लावू नका. मी आले की लावीन.'

ललितला मी हे सांगितलं नाही. पिंकीलाही नाही.

झोपताना दार नुसतं लोटून घेतो.

सकाळी दूधवाला हाक मारतो, तेव्हा आतून कडी लागलेली असते.