व्ही, के आणि ए

"एबीएस की पीबीटी?" त्याने विचारलं, आणि मला वाटलं हा माझा रक्तगटच विचारतोय.

"मला... कीबोर्ड दुरुस्त करून हवाय फक्त," मी म्हटलं. त्यावर चहा सांडला होता, आणि तोही माझ्याच हातून. आमच्या ऑफिसात लोकांच्या मीटिंगांची रेकॉर्डिंग ऐकून ती मराठीत टाइप करतात. दिवसभर कानात हेडफोन, बोटांना उसंत नाही. साहेब म्हणाले होते, कोपऱ्यावरच्या दुकानात दाखव, तिथला माणूस हुशार आहे. हुशार आहे, एवढंच! दिसायला कसा आहे हे कुणी आधी सांगायला नको का?

"दुरुस्त होईल. पण टोप्या पार झिजल्यात, त्या बदलाव्या लागतील." त्याने बटणावरची एक टोपी अलगद उपटून माझ्या तळहातावर ठेवली. "ही एबीएस प्लास्टिकची. गुळगुळीत असते, वापरून वापरून चकाकायला लागते. आणि ही पीबीटी. जरा खरखरीत, पण वर्षानुवर्षं तशीच राहते. आवाजही भरीव."

"म्हणजे तुम्ही दिवसभर लोकांना टोप्या घालता."

तो हसला. हसताना तो खाली बघतो. झालं... माझं तिथेच कल्याण झालं.

त्या शनिवारी मी एबीएस ठरवलं. पुढच्या शनिवारी जाऊन पीबीटी ठरवलं. तिसऱ्या शनिवारी त्याने एक डबा काढला. जुन्या धाटणीच्या उंच टोप्या होत्या, बिस्किटाच्या रंगाच्या, कडेच्या राखाडी, आणि प्रत्येकीवर बोट टेकेल असा खळगा. मी एकीवर बोट ठेवलं, त्याने शेजारच्या टोपीवर ठेवलं, आणि मग दोघांनीही घाईघाईने काढून घेतलं.

"मग? काय ठरलं?"

"माझा ना... गोंधळ झालाय."

"होतो. सगळ्यांचाच होतो," तो म्हणाला, आणि कान लाल करून डबा आवरायला लागला. आता हे तो टोप्यांबद्दल म्हणाला का? तुम्हीच सांगा, माणसाने काय समजायचं?

चौथ्या शनिवारी मी मनाचा हिय्या केला. दुकानात एक गिऱ्हाईक नव्या कीबोर्डवर खडखडाट करत बसलं होतं. त्या खडखडाटातच मी म्हटलं, "उद्या संध्याकाळी सहाला, पलीकडच्या नाट्यगृहात एका नाटकाचा शेवटचा प्रयोग आहे. माझ्याकडे दोन तिकिटं आहेत. याल?"

"हं," तो म्हणाला. नुसतं हं! आणि एक कागदी पुडी माझ्या हातात ठेवली. "तिन्ही प्रकारची एकेक आहे. घरी जाऊन नीट बघा, म्हणजे काय ते कळेल."

घरी पुडी उघडली. तीन टोप्या. व्ही, के आणि ए.

आता माझी बोटं मराठी टाइप करणारी. आमच्या ऑफिसातल्या मराठी मांडणीत व्ही दाबलं की न उमटतो, के दाबलं की क, आणि ए दाबलं की त्या क ला काना-मात्रा. मी टोप्या टेबलावर मांडल्या, तीन-तीनदा वाचल्या.

नको.

इतकं रडू आलं म्हणून सांगू! ताई म्हणाली, "अगं, त्याला तोंड आहे ना? जाऊन विचार की."

"काय विचारू? लिहून दिलंय त्याने!"

रविवार मी पांघरुणात काढला, दोन्ही तिकिटं उशीखाली ठेवून. आठवडाभर नुसती धुसफुसत होते. शनिवारी मात्र तडक दुकानात गेले आणि पुडी काउंटरवर आपटली.

"यायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतं. एवढी कारागिरी कशाला?"

तो बघतच राहिला. "कसली कारागिरी?"

"न, क, ओ. नको! मी दिवसभर मराठी टाइप करते, मला वाचता येत नाही असं वाटलं?"

त्याने टोप्या हातात घेतल्या, उलट्यासुलट्या केल्या. "यावर इंग्रजी अक्षरं आहेत हो. मला मराठी टाइप करता येत नाही. प्रत्येक प्रकारातली एकेक जास्तीची होती, म्हणून दिली."

"आणि काय ते कळेल म्हणालात ते?"

"कुठली टोपी बोटाला बरी लागते ते!"

मग तो टोप्यांकडे बघतच हळूच म्हणाला, "मी आलो होतो."

"कुठे?"

"नाटकाला. हं म्हणालो होतो ना मी? दाराशी उभा होतो. पहिली घंटा झाली, तिसरी झाली. मध्यंतरात लोक बाहेर आले, तेव्हाही होतो."

"फोन का नाही केला? पावतीवर नंबर होता ना माझा?"

"वाटलं, तुम्ही आमंत्रण उगाच दिलं असेल... गंमत म्हणून. मग आठवडाभर काही सुचेना. तीन कीबोर्ड उलटे जोडले." तो थांबला. "गिऱ्हाइकं येतात, जातात, त्यात काय वाईट वाटून घ्यायचं? पण तुम्ही आला नाहीत ना, तर... फार वाईट वाटलं हो मला."

मला हसू येत होतं की रडू, तेच कळेना.

"मी गिऱ्हाईक नाहीच," मी म्हटलं. "चहा सांडला त्याच आठवड्यात साहेबांनी मला नवा कीबोर्ड दिला. टोप्या मला नकोच होत्या."

"मग दर शनिवारी कशाला यायचात?"

"तुम्ही आवडता म्हणून! अजून किती स्पष्ट सांगू?"

त्याने मान वर केली. या वेळी हसला तो माझ्याकडे बघून. "मलाही तू..." म्हणाला आणि तू वरच अडखळला, लाल झाला. मी काही त्याला मदत केली नाही. काउंटरवर कोपर टेकून उभी राहिले, पुढचे शब्द त्याच्या तोंडून ऐकायचे होते मला.

तो बोलला. अख्खं वाक्य, न थांबता.