पातळ साखरपाणी

मिंदो गावातल्या एका अंगणात फाउस्तोची ओळख आधी हमिंगबर्डशी झाली, मग यादिराशी. डोक्यावर लाल टोपी, खांद्यावर कॅमेऱ्याचं ओझं... तो फाटकातून आत आला आणि एक इवलासा पक्षी फूल समजून थेट त्याच्या कपाळासमोर भिरभिरू लागला. तो जागीच खिळला. पायरीवर हिरवी केळी सोलत बसलेली यादिरा खुदकन हसली.

“टोपी काढा साहेब, नाहीतर डोक्यात काय आहे ते चाखून बघेल तो.”

“बघू दे की... निदान कुणीतरी विचारपूस केली!”

यादिराच्या आईची, डोन्या एल्विराची, मागची खोली त्याने भाड्याने घेतली. त्याला फोटो हवा होता एकाच जातीच्या हमिंगबर्डचा — पायांत पांढरे लोकरी मोजे घातल्यासारखा दिसणारा, शेपटीला दोन चमचे लटकवलेला. किटो शहरातल्या फोटोंच्या प्रदर्शनात त्या फोटोसाठी एक भिंत राखून ठेवली होती. शनिवारपर्यंत फोटो पोचला नाही, तर भिंत दुसऱ्याची.

त्याने अंगणात पक्ष्यांसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटल्या उतरवल्या, एकच फूल काठीला बांधलं, मागे हिरवा रंगवलेला पुठ्ठा लावला आणि भोवती फ्लॅश उभे केले. फुलात पिचकारीने साखरपाणी भरायचं काम यादिराने आपणहून घेतलं.

“दिवसाढवळ्या विजा पाडतोस. पक्षी घाबरत नाहीत?”

“ढिम्म हलत नाहीत. फ्लॅश नसला तर पंखांच्या जागी नुसता धूर दिसतो. मला पोज हवी — पंख वर, चोच फुलातून नुकतीच बाहेर, आणि डोळ्यात उजेडाचा एक ठिपका.”

“एवढ्या अटी घातल्या तर लग्नंसुद्धा जुळत नाहीत हं!”

“म्हणून तर माझं राहिलंय...” तो तिच्याकडे बघत म्हणाला. यादिराची पिचकारी फुलाऐवजी त्याच्या बोटांवर उडाली.

पक्षी रोज यायचा, जीभ लावायचा आणि पोज द्यायच्या आत पसार व्हायचा. कारण यादिराला पक्कं ठाऊक होतं. एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी, हे मिंदोतलं शेंबडं पोरही सांगेल. ती मात्र पाणी ओततच राहायची. फोटो मिळाला की हा जाणार... आणि तो तिला आवडला होता, अगदी झोप उडेल इतका.

शनिवारी सकाळी फाउस्तो उतरल्या तोंडाने बॅग भरू लागला. त्याचं नुकसान करून त्याला धरून ठेवायचं, हे कसलं प्रेम? यादिरा स्वयंपाकघरात गेली आणि साखर मापात घालून आली.

“शेवटचं एकदा... माझ्यासाठी?”

पक्षी आला. जीभ लावली, आणि या वेळी हलेचना! मनसोक्त प्यायला, किंचित मागे सरला, पंख वर — फ्लॅश चमकले. चोच, डोळा, मोजे, सगळं जिथल्या तिथे. फाउस्तोने आनंदाने आरोळी ठोकली, आणि यादिराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“अगं, आता काय झालं?”

“मी... मी मुद्दाम पाणी पातळ करत होते. तू राहावास म्हणून.”

“माहीत आहे.”

“काय?”

“पहिल्याच दिवशी बोटं चाटली होती मी. नुसतं पाणी!”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो, तर तू साखर वाढवली असतीस ना!”

चौकात किटोच्या बसचा भोंगा वाजला. यादिराने डोळे पुसले आणि त्याला ढकललं. “पळ! भिंत जाईल तुझी.” तो कॅमेरा घेऊन धावला, फाटकातून परत आला आणि लाल टोपी तिच्या डोक्यावर ठेवली.

“फ्लॅश इथेच राहू देत. सोमवारी येतो... आणि या वेळी फोटोसाठी नाही. खोली ठेवशील?”

उत्तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आलं. “खोली रिकामीच ठेवणार आहे मी,” डोन्या एल्विरा म्हणाली. “महिन्याची साखर संपेना, तेव्हाच मला सगळं कळलं होतं.”